संख्येचा ताळा

छत्रपती संभाजीनगराजवळ देवगिरीचा इतिहासप्रसिद्ध किल्ला आहे. यादव राजा सिंघण याची ही राजधानी. त्याच्या पदरी चांगदेव हा मुख्य ज्योतिषी होता. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाकडे गेले, की पाटण येथील देवीच्या मंदिरात चांगदेवाचा शिलालेख आहे. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने १२०७ च्या सुमारास तेथे मठ स्थापिला. हे आजोबा म्हणजे थोर गणिती भास्कराचार्य होत.

मुलांनो, भास्कराचार्यांनी ११५० साली आपल्या बीजगणितात एका मार्मिक प्रश्नाचा विचार केला. ऋण संख्येचे वर्गमूळ कोणते? ३ चा वर्ग ९ आणि −३ चा वर्गही ९. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण येतच नाही. म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असा निर्णय त्यांनी दिला. आज आपण ज्यांना वास्तव संख्या म्हणतो, त्यांच्यापुरता हा निर्णय अबाधित आहे.

पुढे १५७२ साली बाँबेली या इटालियन गणितज्ञाने एक उदाहरण मांडले. एका संख्येचा घन हा तिच्या १५ पटीहून ४ ने अधिक आहे. तर ती संख्या कोणती? उत्तर ४ आहे, हे उघड दिसते. परंतु सूत्राने सोडवू जाता वाटेत −१२१ चे वर्गमूळ आडवे येते! बाँबेली डगमगला नाही. ते मूळ कल्पित मानून तो पुढे गेला. अखेरीस कल्पित भाग परस्परांत नाहीसे झाले आणि ४ च उरले. वास्तव आणि कल्पित असे दोन भाग असलेल्या संख्येस संमिश्र संख्या म्हणतात.

आता हेच काम संगणक करतो. पण तो दशांशस्थळे ठरावीकच ठेवतो; त्यामुळे कधीकधी ४ च्या जोडीला ०.०००००००००००००००१ एवढा कल्पित भाग उरतो. 'ही संख्या वास्तव आहे काय?' असे विचारताच यंत्र 'नाही' म्हणते. मॅटलॅब या गणिती प्रणालीतील अशी एक आज्ञा तर किंमत पाहतच नाही. संख्या कशी साठविली आहे, एवढेच पाहते. ४ ही संख्या शून्य कल्पित भाग जोडून मुद्दाम संमिश्र म्हणून साठविली, तरी ती 'नाही' असेच सांगते!

मग सूक्ष्म शेष सरसकट पुसून टाकावा काय? तेही योग्य नव्हे. एखादे वेळी तो खराही असेल. अशा वेळी ताळा करून पाहावा. ४ चा घन ६४. १५ गुणिले ४ अधिक ४, तेही ६४. संशय फिटला! यंत्र उत्तर देते. ते पारखून घेणे हे मात्र माणसाचेच काम आहे.

स्वाध्याय

१. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनी का ठरविले?
२. संगणकाने 'नाही' म्हटले, तरी ४ ही वास्तव संख्या कशी ठरते?
३. 'ताळा करणे', 'डगमगणे' व 'संशय फिटणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.