‘देवकण’ आणि माझी घाई



विश्वाची उत्पत्ती, सूक्ष्म कण, अनेक विश्वे अशा विषयांवरचे माहितीपट आपल्यापैकी अनेकजण आवडीने पाहतात. पाहून झाल्यावर मनात बहुतेक वेळा एकच वाक्य उमटते, ‘हे तर आपल्याकडे आधीच सांगितले आहे.’ आज या प्रतिक्रियेकडे थोडे थांबून पाहूया.

माझाच अनुभव सांगते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राशी संबंध दहावीपुरता. ‘पार्टिकल फीव्हर’ हा २०१३ चा माहितीपट पाहून मी भारावले आणि पुढच्याच सत्संगात सांगून मोकळी झाले, “शास्त्रज्ञांना देवकण सापडला, म्हणजे विज्ञानाने देव मान्य केला!” सर्वांनी माना डोलावल्या. शेवटी एका निवृत्त शिक्षक काकांनी शांतपणे विचारले, “बाळ, त्या कणाला देवाचे नाव कोणी दिले?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरी येऊन शोधले. हे नाव लिऑन लेडरमन या शास्त्रज्ञाच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकामुळे पसरले. ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो, त्या पीटर हिग्ज यांना ते नाव आवडत नव्हते. त्या कणाचा संबंध ईश्वराशी नाही, मूलकणांना वस्तुमान कसे मिळते या प्रश्नाशी आहे. मग मी तोच माहितीपट वही घेऊन पुन्हा पाहिला. या वेळी तीन गोष्टी शिकले.

१. धीर : हिग्ज, फ्रान्स्वा आंग्लेर आणि रॉबर्ट ब्राउट यांनी १९६४ मध्ये ही कल्पना मांडली. कण सापडल्याची घोषणा जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत झाली ४ जुलै २०१२ रोजी. मध्ये ४८ वर्षे गेली. त्यासाठी जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचे यंत्र उभारावे लागले. ब्राउट २०११ मध्येच निवर्तले; त्यांना हा दिवस दिसला नाही. आपण मात्र चार दिवस ध्यानाला बसतो आणि अनुभव का येत नाही म्हणून खट्टू होतो.

२. आग्रह सोडण्याची तयारी : त्या कणाचे वस्तुमान हलके निघाले तर एका विचाराला बळ मिळणार होते, जड निघाले तर दुसऱ्याला. ते निघाले सुमारे १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दोन्हींच्या मधले. काहींनी अनेक वर्षे ज्या सिद्धांतावर घालवली, तो चुकीचाही ठरू शकतो हे ते पडद्यावर मोकळेपणाने बोलतात. निकाल आपल्या मनासारखा वाकवून घेत नाहीत. मी तर एका सायंकाळी पाहिलेल्या चित्रपटातून हवा तो निष्कर्ष काढला होता.

३. फळाचा हिशोब न ठेवणे : एका व्याख्यानात एक अर्थतज्ज्ञ डेव्हिड कॅप्लन यांना विचारतात, यातून आर्थिक लाभ काय? नफा-तोट्याचे ताळेबंद मांडणारी मी कान टवकारून बसले. कॅप्लन सरळ सांगतात की त्यांना कल्पना नाही. जाणून घेणे हेच त्यांचे प्रयोजन. निष्काम कर्मावर आपण कितीतरी ऐकतो. त्याची अशी ओळख प्रयोगशाळेत होईल असे वाटले नव्हते.

याचा अर्थ आपली श्रद्धा कमी पडते असा नाही. उलट, श्रद्धेला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज आहे असे मानणे हीच श्रद्धेची कमतरता आहे. उद्या सिद्धांत बदलला, तर त्यावर टेकवलेली श्रद्धाही बदलायची का? विज्ञान बाहेरचे जग मोजते, साधना आपल्याला आतून घडवते. दोन्हींना समान लागते ती सत्यनिष्ठा.

पुढच्या सत्संगात मी उभी राहून माझी चूक सांगितली. सांगताना आवाज कापत होता, पण बसल्यावर मन हलके झाले. काका एवढेच म्हणाले, “आज तुझी खरी साधना झाली.”

मननासाठी :
• ऐकलेली गोष्ट खरी आहे की नाही हे न पाहता, केवळ आपल्याला आवडली म्हणून मी ती पुढे पाठवतो का?
• ‘मला माहीत नाही’ हे मी शेवटचे कधी म्हटले?
• या आठवड्यात एखादा माहितीपट पाहा आणि वहीत तीन रकाने करा : सिद्ध झालेले, अनुमान, माझी इच्छा. तिसरा रकाना किती भरतो, ते स्वतःच पाहा.