पलंगावर झोपलेल्या माणसाचं काय झालं?

आईबाबांनो, मे महिन्यात आपल्या नागपुरात अकरा वाजले की मुलांना घरात घ्यावं लागतं. दारं-खिडक्या लावायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि ऊन उतरेपर्यंत आतच राहायचं. आमच्याकडे ही वेळ गोष्टींची असते. गेल्या सुट्टीत लेकीला नववं लागलं होतं. तिच्यासोबत मी शिवाजी महाराजांच्या आग्र्याच्या कैदेवरची एक किशोर-कादंबरी वाचायला घेतली.

ही गोष्ट तुम्हाआम्हाला चौथीच्या पुस्तकापासून पाठ आहे. मिठाईचे पेटारे, वेड्यात निघालेले पहारेकरी, साधूचा वेष, राजगड. पेटाऱ्यांच्या प्रसंगाला लेक टाळ्या वाजवेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "मग पलंगावर झोपलेल्या माणसाचं काय झालं?"

"तोही सुटला," असं म्हणून मी पान उलटलं. माझी चूक तिथे झाली. रात्री दिवा मालवल्यावर तिने पुन्हा विचारलं, "पण त्याला भीती वाटली असेल ना? आणि संभाजीराजांना?"

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की आपण ही गोष्ट सुटकेची म्हणून सांगतो, आणि कैदेचे दिवस दोन वाक्यांत उरकतो. मूल मात्र त्याच दिवसांपाशी थांबतं. बंद दार, बाहेर पहारा, आणि आत आपल्यासोबत कोण आहे? मुलांना हे कळतं, कारण अंधाऱ्या खोलीची भीती त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असते.

म्हणून मी पुन्हा वाचायला बसले, या वेळी मोठ्यांची पुस्तकं. महाराज आग्र्याच्या दरबारात गेले तो दिवस १२ मे १६६६. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा. म्हणजे बापाचा भर दरबारात अपमान झाला, त्यानंतर दोनच दिवसांनी पोराला नऊ वर्षं पूर्ण झाली. पुरंदरच्या तहात पाच हजारांची मनसब ज्याच्या नावावर लिहिली, ते हे मूल. महाराजांच्या मुक्कामाला कोतवाल फौलादखानाचा पहारा बसला. संभाजीराजांचं वय मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्याएवढाच." त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तुम्हीही अशा वेळी लगेच धीर द्यायला जाऊ नका. "शूर मुलं घाबरत नसतात" हे वाक्य तर नकोच. घाबरलेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण शूर नाही.

आता मैत्रीचं. आग्र्यात महाराजांसाठी जामीन राहिला होता रामसिंग, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा. ज्या जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला, त्यांचाच हा मुलगा! पण बापाने महाराजांना सुरक्षिततेचा शब्द दिला होता आणि मुलगा तो राखायला उभा राहिला. जयपूर दरबाराच्या माणसांनी त्या दिवसांत आग्र्याहून घरी लिहिलेली राजस्थानी पत्रं टिकली आहेत. त्यांत एक गोष्ट आहे, ती मला पेटाऱ्यांहून मोठी वाटते. महाराजांनी रामसिंगाला सांगितलं, तुमचा जामीन मागे घ्या. माझ्यामुळे तुम्ही अडकू नका. सोबत आणलेल्या माणसांनाही महाराजांनी आधीच परवाने मागून परत पाठवायला सुरुवात केली होती. स्वतः आत असलेला माणूस आधी इतरांची वाट मोकळी करत होता.

१७ ऑगस्टला महाराज निसटले. पेटाऱ्यात बसून की वेष पालटून, यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. मुलांना हा वाद सांगायला हरकत नाही, त्यांना असली कोडी आवडतात. बखरी सांगतात की महाराजांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपला, हात तेवढा बाहेर ठेवून, आणि एक पोर त्याचे पाय चेपत बसलं. मग राजांचं डोकं दुखतंय, आवाज करू नका, असं पहारेकऱ्यांना सांगून हिरोजीही बाहेर पडला. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर हे. पण मला तिला पुढचंही सांगावं लागलं. रामसिंगाची मनसब गेली आणि त्याला दरबारात यायची बंदी झाली. संभाजीराजांना मथुरेत मागे ठेवून महाराज पुढे गेले. नऊ वर्षांचं पोर परक्या गावात, परक्या घरात, कृष्णाजी त्रिमल आणि त्यांच्या भावांच्या भरवशावर राहिलं. या घराने जीव धोक्यात घालून ते सांभाळलं आणि नंतर राजगडावर पोचवलं.

मथुरेच्या घराबद्दल लेकीने इतकं विचारलं की माझी उत्तरं संपली. तिथे खेळायला कुणी होतं का? आईची आठवण आली तर तो कुणाला सांगायचा? मी म्हटलं, तू सांग. तिने वहीत एक पानभर लिहिलं. ते पान मी इथे देणार नाही, ते तिचं आहे. पण ऐतिहासिक कादंबरीचं काम मला त्या दिवशी समजलं. सनावळी बापाचा प्रवास सांगते. पोराने काढलेल्या रात्री कादंबरीकार सांगतो, आणि तो चांगला असेल तर वाचणारं मूलच त्या रात्री रचू लागतं.

आपल्या शहरात कैदेचा हा विषय रस्त्यावरच उभा आहे. वर्धा रोडवरून जाताना मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसते आणि मागच्या सीटवरून प्रश्न येतो, आत कोण असतं? "वाईट लोक" असं सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर अपुरं आहे, आणि नागपुरात तर खोटंही आहे. १९२३ मध्ये तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या झेंडा सत्याग्रहींना इथेच धरून नेलं. मे ते ऑगस्ट, दीड हजारांहून जास्त माणसं, देशभरातून आलेली. त्यांत विनोबा होते. पुढे बेचाळीसच्या आंदोलनातल्या शंकर महाले या नागपूरच्या पोराला याच तुरुंगात १९ जानेवारी १९४३ रोजी फाशी झाली. विशीही गाठली नव्हती त्याने. ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला सांगा असं मी म्हणणार नाही. बारा-तेराव्या वर्षी मात्र सांगा, आणि आपल्या शहराची म्हणून सांगा.

लहानांसाठी तुरुंगातल्या मैत्रीची एक गोष्ट आपल्या भाषेतच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात फेब्रुवारी ते जून दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' त्यातून आली. एकाने बोलायचं, दुसऱ्याने एक शब्द सांडू द्यायचा नाही. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली, अवघ्या पाच दिवसांत. हे ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे ते पुस्तक तुरुंगातून आलंय?" आणि कपाटातलं पुस्तक काढून तिने उलटसुलट करून बघितलं, जणू त्यावर कुठे खूण असेल.

जुलैत तिच्या मैत्रिणीचा पाय मोडला. चौथा मजला, लिफ्ट बंद, सहा आठवडे प्लॅस्टर. लेक रोज शाळेतून आली की आग्र्याचं पुस्तक घेऊन वर जायची. मी तिला पाठवलं नव्हतं.

एक राहिलं. महाराज निघून गेल्यावर त्यांची दोन माणसं आग्र्यात सापडली, त्र्यंबक सोनदेव डबीर आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे. त्यांचे हाल करण्यात आले. ते सुटले पुढच्या वर्षी, १६६७ मध्ये. या सुट्टीत मुलांना आग्र्याची गोष्ट सांगाल तेव्हा राजगडाशी थांबू नका. ही दोन नावंही सांगा.