शरकाराची नजर

भाविकहो, अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बाण घडवणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला पत्ता नाही! कीर्तनात याचा अर्थ एकाग्रता असा सांगतात, तो बरोबरच. मला मात्र वाटतं, तयार बाण त्याला आधीच दिसत असणार. त्याशिवाय हात चालायचा कसा?

अशी नजर असलेला एक पुरुष आपल्या मावळात राहून गेला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म 1883चा, डभोईचा. बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचं शिक्षण झालं, पुढे अमळनेरला शिकवलं. योगातले गुरू मालसरचे परमहंस माधवदासजी. गरुडेश्वरची वारी करणाऱ्यांना नर्मदामाई परकी नाही. मालसर तिच्याच काठी.

त्या काळी योग म्हणजे गुहेतली गूढ विद्या, नाहीतर चमत्कार. गुण्यांना दिसत होता तो प्रयोगशाळेत तपासलेला, प्रापंचिकाच्या आजारात उपयोगी पडणारा योग. ऑक्टोबर 1924मध्ये लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम स्थापलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं.

गुरूंनी दिलेली क्रिया यंत्राला लावायची, हे काही श्रद्धावानांना आजही रुचत नाही. पण स्वामीजींनी केलं काय, ते बघा. बस्तिक्रियेत पिचकारीशिवाय पाणी आतड्यात वर चढतं, ते कसं? त्यांनी नौली चालू असताना आतड्यातला दाब यंत्रानं मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला, म्हणून पाणी आपोआप ओढलं जातं. या पोकळीला त्यांनी नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्युम’. निकाल उलटा आला असता तर? ती तयारी ठेवूनच माणूस मोजायला बसतो. माझ्या मते गुरुनिष्ठा ती हीच.

काय उभं करायचं ते इतकं स्पष्ट असलं की माणसं आपणहून येतात. (आपल्या मंडळांत पावतीपुस्तकं आधी छापतात, काम मागाहून ठरतं, असो!) महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी स्वामीजींचा सल्ला घेतला. मुंबईत मरीन ड्राईव्हला आरोग्यकेंद्र निघालं, 1951मध्ये लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय सुरू झालं. देणगीदार आले, डॉक्टर आले, आणि तुमच्याआमच्यासारखे दमेकरी, पोटाचे रोगीही आले.

18 एप्रिल 1966 रोजी स्वामीजींनी देह ठेवला. 2024मध्ये कैवल्यधामाला शंभर वर्षं झाली. ‘योगमीमांसा’ अजून निघते.