स्टीअरिंग सिलिंडरचा क्रोम रॉड : लेथवर आणि वेल्डिंगला देण्याआधी



१ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत बोटी काठावर असतात, तेव्हाच स्टीअरिंगचा हायड्रॉलिक सिलिंडर उघडला जातो. रॉडवर खड्डे पडलेत, टोकाचा डोळा झिजलाय, सीलमधून तेल गळतंय, अशा तक्रारी असतात. रॉड वर्कशॉपात जातो आणि आपण फक्त "खर्च किती?" एवढंच विचारतो. आणखी काय विचारायला हवं, ते आजच्या धड्यात पाहू.

आधी जोर समजून घ्या. सिलिंडरचा आतला व्यास ६३ मिमी आणि तेलाचा दाब १०० बार असेल, तर रॉड सुमारे ३ टन जोराने ढकलतो. हा सगळा जोर रॉडच्या टोकाच्या जोडावरून सुकाणूला जातो. जोड सुटला की सुकाणू मोकळं. साळ किंवा चापोरा नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर, मागून लाट येत असताना असं झालं तर बोट आडवी होते. म्हणजे प्रश्न तेलगळतीपुरता नाही, माणसांचा आहे.

क्रोम म्हणजे काय?
रॉडवरचा हार्ड क्रोमचा थर साधारण २० ते ५० मायक्रॉन असतो. ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. थर अतिशय कडक, म्हणून सील त्यावरून घासलं तरी रॉड झिजत नाही. पण त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. खारं पाणी त्यातून आत जातं. आत साधं स्टील असेल तर गंज धरतो, फुगतो आणि क्रोमचे पापुद्रे उडतात. म्हणून बोटीसाठी स्टेनलेसवर क्रोम केलेला रॉड चांगला. स्टेनलेस गंजाला टिकतं, क्रोम ओरखड्याला टिकतो.

आत कुठलं स्टील आहे?
टोकाच्या चाकी केलेल्या भागावर चुंबक लावा. चिकटला नाही तर बहुधा ३०४ किंवा ३१६. चिकटला तर साधं स्टील असेल, पण ४३१ किंवा १७-४ पीएच जातीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. म्हणून नवा रॉड घेताना बिलावर जात लिहून घ्या. ३१६ गंजाला उत्तम, पण ताकदीला मऊ. जुना रॉड जास्त ताकदीचा असेल तर त्याच जाडीचा ३१६ घालू नका, वाकेल.

लेथवर देताना
१. रॉड चकमध्ये थेट पकडायचा नाही. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळायला सांगा. जबड्याचा एक ओरखडासुद्धा नवं सील फाडतो.
२. टोकाची कड आधी ग्राइंडरने उतरवावी. मग कार्बाइड टूलने पहिलाच कट क्रोमच्या थराखालून घ्यावा. वरवर खरवडलं तर टूल तुटतं आणि क्रोमच्या कपच्या निघतात.
३. खाली स्टेनलेस लागलं की वेग कमी, फीड सलग, कूलंट भरपूर. टूल नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस जागीच कडक होतं आणि पुढे आटे नीट पडत नाहीत.
४. ग्राइंडिंगची धूळ रॉडच्या चकचकीत भागावर बसू नये, कापड गुंडाळून ठेवा.

जोडताना
सगळ्यात चांगला जोड आट्यांचा. टोक चाकी करून आटे पाडायचे, डोळा घट्ट बसवायचा, लॉकनट किंवा पिन मारायची. पुढे डोळा झिजला तर तेवढाच बदलता येतो.

वेल्डिंगच करायचं असेल तर हे पाळा :
१. सील, ग्लँड, पिस्टन सगळं काढून फक्त रॉड वेल्डिंगला द्या. सील उष्णतेने जातं.
२. जोडाच्या जागेपासून निदान इंचभर क्रोम पूर्ण काढलेला हवा. क्रोम वेल्डमध्ये मिसळला तर जोडाला भेगा पडतात, आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. जागा मोकळी हवी, मास्क हवाच.
३. ३१६ ला ३१६ जोडताना ३१६ एल फिलर, ३१६ ला साधं स्टील जोडताना ३०९ एल. १७-४ पीएच किंवा ४३१ असेल तर उष्णतेची वेगळी प्रक्रिया लागते. ती सोय नसेल तर आटेच पाडा.
४. अर्थिंगचा क्लँप जोडाजवळ, क्रोम काढलेल्या भागावर. क्रोमवर ठिणगी उडाली की तिथे खड्डा पडतो.

रॉड मधोमध तुटला किंवा वाकला असेल तर वेल्डने सांधू नका. तिथून सील फिरतं आणि जोर सरळ जात नाही. नवा रॉडच घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा : जिथे सील फिरतं तिथे क्रोमला धक्का नको, जिथे वेल्ड होतं तिथे क्रोमचा कण नको.

परत घेताना
रॉड दोन व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने वाक तपासून दाखवायला सांगा. नखाने चाचपा, नख अडलं तर घेऊ नका. सिलिंडर जोडल्यावर हवा काढा, जेटीलाच सुकाणू दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा, मग पहिली फेरी काठाजवळच मारा. हाताने सुकाणू फिरवायचा जादा दांडा बोटीवर असू द्या.

रोज परत आल्यावर रॉड गोड्या पाण्याने पुसा आणि बोट बांधताना रॉड शक्यतो आत ओढून ठेवा. काम देण्याआधी शंका असेल तर रॉड घेऊन सोसायटीच्या कचेरीत या, आपण मिळून बघू.