वऱ्हाडातील भुतेखेते आणि माळकऱ्याचा नेम



'भूत' हा शब्द मुळात आपल्या संप्रदायाचा आहे, हे या पाठाच्या आरंभीच सांगितले पाहिजे. भूत म्हणजे जे झाले ते, जन्माला आले ते. मुंगीपासून माणसापर्यंत सगळी भुतेच. पसायदानात माउली भुतांची आपसांत मैत्री व्हावी असे मागतात, ते काही पिंपळावरच्या मुंजाकरिता नव्हे. भूतदया हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द, त्यातले भूतही तेच. परंतु गावच्या बोलीत हा एवढा मोठा शब्द आकसत आकसत गेला, आणि आज वऱ्हाडात कोणी 'भूत' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांदणीतली काळोखी रात्रच उभी राहते. हा शब्द पुन्हा त्याच्या जागी नेणे, एवढेच या पाठाचे काम आहे.

अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही खेड्यात जा, दोन-चार ठिकाणे तुम्हाला हमखास दाखवतील. गावाबाहेरचा एखादा जुना पिंपळ, त्यावर मुंजा. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत जो पोरगा गेला, तो मुंजा. नदीच्या डोहाशी किंवा जुन्या विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात गोटे, त्या साती आसरा. आसरा म्हणजे अप्सरा, पाण्यातल्या देवी. त्यांना हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण वाहतात, आणि कोणी बुडाले की "आसराईनं ओढून नेलं" म्हणतात. पूर्णा, मोर्णा, पेढी या नद्यांकाठी हे सर्रास आहे. आपल्या वऱ्हाडातही एक चंद्रभागा वाहते, दर्यापूर तिच्याच काठी वसले आहे. तिसरा तो चकवा. जागलीवरून निघालेला माणूस रातच्याले आपल्याच वावरात वाट चुकतो, फिरफिरून त्याच धुऱ्यावर येतो, आणि पहाटे थकून बसलेला सापडतो. "बापा, चकव्यानं धरलं मले," असे तो सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

यापेक्षा मोठ्या आख्यायिकाही आहेत. चिखलदऱ्याचे नाव कीचकावरून पडले असे सांगतात. भीमाने कीचकाला मारून त्या खोल दरीत टाकले, म्हणून तो कीचकदरा. भीमकुंड तिथेच आहे, आणि जवळच्या वैराटास विराटाची नगरी मानतात. अकोट तालुक्यात नरनाळा किल्ला आहे. त्यावरील शक्कर तलावाविषयी समजूत अशी की पिसाळलेले कुत्रे चावलेला माणूस त्या पाण्याने बरा होतो, मात्र परतताना त्याने मागे वळून पाहू नये. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे तर आपल्या रखुमाईचे माहेर. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेले, असे आपल्या आयाबाया अजूनही सांगतात. तेथील रुक्मिणीमातेची पालखी परंपरेप्रमाणे १५९४ पासून पंढरीस जाते.

आता विवेक येथे करावयाचा आहे. या सगळ्या गोष्टी एका तागडीत टाकू नयेत. रखुमाईच्या माहेराची कथा ऐकून माणूस चालू लागतो, शेकडो मैल चालतो. कीचकाची कथा ऐकून परस्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्याचे काय होते ते पोरासोरांना कळते. शेकोटीशी बसून चकव्याची गोष्ट सांगण्यातही काही पाप नाही, आणि कापूस वेचताना त्या गोष्टींनी वेळ बरा जातो. घात होतो तो गोष्टीने नाही, तिच्यामागून येणाऱ्या भयाने. भय आले की भगत आला, भगत आला की कोंबडे आले, आणि या धावपळीत ज्याला खरोखर औषध हवे त्याची वेळ निघून जाते.

चकव्याचेच पाहा. २००९ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. तो ढगाआड जाताच ती गोल फिरू लागली, आणि आपण गोल फिरतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही आले नाही. डोळे बांधले तेव्हा तर काही जण वीस मीटरांच्या आतच घेरा घेऊ लागले. अमावस्येची रात्र, पुरुषभर उंच ज्वारी किंवा दाटलेली तूर, चहूकडे सारखेच काळे रान. मग वऱ्हाडातल्या कास्तकाराने गोल फिरावे यात नवल काय? चकवा आपल्याच पायांत आहे. त्यावर उपाय उताऱ्याचा नाही. असेल तिथे बसावे, नाम घ्यावे, चांदणी दिसली तर ती धरून चालावे, नाही तर उजाडू द्यावे.

विहिरीचे प्रकरण याहून गंभीर आहे. जुनी, बंद पडलेली विहीर उपसायला एक जण उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. मग तिसरा. वरचे लोक म्हणतात, आसरांनी तिघे नेले. वास्तविक अशा विहिरीच्या तळाशी जड वायू साचतो आणि श्वासाला लागणारी हवाच तिथे उरत नाही. दोन-चार श्वासांत माणसाची शुद्ध जाते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर कोणीही उतरू नये. पण तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही, असेही समजू नये. आणि पहिला पडला की दुसऱ्याने भावाच्या मायेपोटी उडी घेऊ नये, हे घरच्यांनी आधीच बजावून ठेवावे. माया खरी असते, पण तिने घरातले दोन जीव एकदम जातात.

तिसरी गोष्ट मण्यारीची. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश इतका बारीक की खूण सापडत नाही, आणि दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, आवाज नाकात जातो, गिळवत नाही. घरातली बुढी म्हणते, "बाहेरचं झालं, भगताले बलावा." भगत येऊन लिंबू कापेपर्यंत श्वास थांबतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात असते. मण्यारीच्या रोग्यास वेळेवर ती लस आणि श्वासाचे यंत्र मिळाले, तर तो वाचू शकतो. नरनाळ्याच्या तलावाचेही तेच. कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पाण्याला भिण्याचे लक्षण एकदा दिसले की मग वाचणे जवळजवळ नाहीच. किल्ला पाहायला खुशाल जावे, पण आधी दवाखान्यात जाऊन यावे.

आता संतांचे म्हणणे काय ते पाहू. भुते-प्रेते पूजणारा भुतांच्याच गतीला जातो, हा गीतेच्या नवव्या अध्यायातला विषय, आणि सतराव्यात प्रेतपूजेला तामसी म्हटले आहे. परंतु मला विचाराल तर माउलींचा खरा मारा तेराव्या अध्यायात आहे. तिथे अज्ञान्याची लक्षणे सांगताना त्यांनी अशा भक्ताचे चित्र काढले आहे, जो या तिथीला या देवाकडे, त्या तिथीला त्या देवाकडे धावतो, आणि एकाचाही होत नाही. वाचताना हसू येते, आणि मग तो भक्त ओळखीचा वाटू लागतो. घरी ज्ञानेश्वरी असेल त्याने तो भाग या एकादशीला काढून वाचावा.

नाथबाबांची तऱ्हा निराळी. ते रागावत नाहीत, सोंग घेतात. भुतावरचे त्यांचे भारूड प्रसिद्धच आहे. घरात एकीला जबरदस्त भूत लागले आहे. देवऋषी झाला, लिंबू, नारळ, कोंबडे यांचा उतारा झाला, पण भूत हटत नाही. ऐकणारा घाबरतो. मग नाथ हळूच सांगतात की हेच भूत ध्रुवाला लागले होते, आणि त्या बाळाला त्याने रानात उभे केले. शेवटी उलगडा होतो की हे भूत एका जागी नाही, सगळीकडे भरून राहिले आहे. म्हणजे ते भूत कोण, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. तुकोबांनीही एका अभंगात पंढरीच्या देवालाच भूत म्हटले आहे. ते वाटसरूला धरते, आणि त्याने धरलेल्याचा जन्ममरणाचा फेरा चुकतो. भुताला भिणाऱ्या समाजाला त्याच्याच भाषेत देवाकडे वळवण्याची ही युक्ती. आपल्या भजनी मंडळात हे भारूड बसवायचे असेल तर भगताचे सोंग फार हास्यास्पद करू नका. त्याने आधी भीती घातली पाहिजे, तरच शेवट लागतो.

वऱ्हाडाचे भाग्य असे की ही शिकवण आचरून दाखवणारा महात्मा इथेच झाला. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी झाला, आणि ते वाढले मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे. मुलीच्या बारशाला बकरे आणि दारू लागलीच पाहिजे अशी भाऊबंदांची रीत होती. डेबूजीने ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. तेव्हा तो साधा संसारी शेतकरी होता, घर सोडले ते पुढे १९०५ साली. पुढे २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवीपर्यंत त्यांनी कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारून विचारून नवस आणि पशुबळी यांचे ओझे उतरवले. पंढरीस त्यांनी बांधलेली धर्मशाळा आपण पाहतो, पण बारशाचे ते गोड जेवण मला तेवढेच मोठे वाटते.

येथे थोडे कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ, आणि अमावस्येला तिवाट्यावर उतारा, अशी घरे आपल्यातही आहेत. त्यातही जिला 'लागीर' ठरवतात ती बहुधा घरातली सून असते. बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत एखादीला झोप लागत नाही, ती असंबद्ध बोलते, लेकराला ओळखत नाही. हा दुखण्याचा प्रकार आहे, आणि वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक बाया बऱ्या होतात. तिला मिरच्यांची धुरी द्यायची, केस धरून 'कोण हायेस तू' विचारायचे, आणि माळकरी सासऱ्याने ओसरीवर हरिपाठ म्हणत बसायचे, हे कोणत्या पोथीत आहे? ज्या भूतासाठी माउलींनी मैत्री मागितली, ते भूत आत मार खात असते.

या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याआधी आपल्यापैकी पुष्कळांनी त्याला विरोध केला होता, वारी-कीर्तनावर गदा येईल अशी भीती होती. कायदा वाचून पाहिला तर वारी, यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे त्यातच लिहिले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे, आणि साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र घालणे, हे मात्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

राहिला मुंजाचा पिंपळ. काकड्याला पहाटे देवळात जाताना तो वाटेत लागतो म्हणून काही मंडळी कार्तिकात घरीच बसतात. त्यांनी आळंदीचा सुवर्णपिंपळ आठवावा. माउलींच्या मातोश्रींनी त्याला प्रदक्षिणा घातल्या असे आपण मानतो, आणि आपणही घालतो. झाड तेच. मग आळंदीत हात जोडायचे आणि गावात पळायचे, हे कसे?

आणखी एक प्रश्न बायाबापड्या नेहमी विचारतात: "मग महाराज, आसरांले निवद द्याव का नाही?" नदीला हात जोडावेत, तिच्या पाण्यावर आपली ज्वारी होते. नवस बोलू नये, बकरे-कोंबडे कापू नये. दहीभात केला असेल तर तो गोट्यांपुढे टाकून कुत्र्यांच्या तोंडी घालण्यापेक्षा काठावर खेळणाऱ्या लेकरांच्या हातावर ठेवावा, आणि डोह किती खोल आहे तेही त्यांना तिथेच सांगावे.