घ्यावे की थांबावे?

पूर्वी घरात तांब्याचा हंडा आला, की तो दोन-तीन पिढ्यांना पुरे. त्याला पोचा पडला, तर तांबट ठोकून तो सरळ करी. पितळी पातेल्याची कल्हई उडाली, तर कल्हईवाला ती पुन्हा चढवी. ‘पुढच्या वर्षी याहून चांगला हंडा निघेल, तोवर थांबावे काय?’ असा प्रश्न कोणाला पडत नसे. हंडा हवा असला आणि गाठीला पैसे असले, की तो घ्यावा, एवढाच काय तो विचार.

आज घरोघरी निराळ्या जातीच्या वस्तू आल्या आहेत. मोबाइल, संगणक, टॅबलेट या वस्तू मोडत नाहीत, झिजत नाहीत, तरीही जुन्या होतात. पाटीएवढ्या आकाराचा, बोटाच्या स्पर्शाने चालणारा तो टॅबलेट विकत घ्यावयाचा म्हटले, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “आत्ताच घेऊ.” दुसरा म्हणतो, “थोडे थांबू; नवा येईल, जुना स्वस्त होईल.” गंमत अशी, की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. म्हणूनच या प्रश्नाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम, या वस्तू इतक्या झपाट्याने जुन्या का होतात, ते पाहू. त्यांचा मेंदू म्हणजे नखाएवढी एक चिप. तिच्यावर अतिसूक्ष्म विद्युत्-घटक कोरलेले असतात. १९६५ साली गॉर्डन मूर या अमेरिकन तंत्रज्ञाने असे निरीक्षण मांडले, की एका चिपवर बसणाऱ्या या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत आहे. १९७५ साली त्याने आपला अंदाज सुधारला आणि हा काळ दोन वर्षांचा धरला. घटक वाढले, की चिपची शक्ती वाढते. पुढची कित्येक दशके ही वाढ होत राहिली. त्यामुळे आज नवी वाटणारी वस्तू उद्याच्या वस्तूपुढे फिकी पडू लागली.

टॅबलेटच्या इतिहासात याची ठळक उदाहरणे सापडतात. ॲपल कंपनीने आयपॅड नावाचा आपला पहिला टॅबलेट एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीस आणला. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. त्यात कॅमेरा मात्र नव्हता. अकरा महिन्यांनी, मार्च २०११ मध्ये दुसरा आयपॅड आला. तो अधिक पातळ व वेगवान होता आणि त्याला पुढे-मागे असे दोन कॅमेरे होते. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीने या यंत्रांसाठी नवी कार्यप्रणाली काढली, तेव्हा पहिल्या आयपॅडला ती मिळाली नाही. दुसऱ्या आयपॅडला मात्र नव्या कार्यप्रणाली २०१५ सालापर्यंत मिळत राहिल्या. ज्यांनी अकरा महिने धीर धरला, त्यांच्या पदरात अधिक पडले, हे उघड आहे.

यावरून ‘थांबणेच शहाणपणाचे’ असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु पुढची हकीकत ऐकावी. तिसरा आयपॅड मार्च २०१२ मध्ये आला आणि अवघ्या सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, चौथा जाहीर झाला. तिसरा घेतलेल्या कित्येकांना चुटपुट लागली. पण त्यांच्या हातातील यंत्र त्या दिवशी बिघडले होते काय? मुळीच नाही. आदल्या दिवशी जे काम ते करीत होते, तेच दुसऱ्या दिवशीही करीत होते. नव्या वस्तूच्या आगमनाने जुन्या वस्तूचा उपयोग कमी होत नाही. कमी होते ते आपले समाधान. हा भेद ज्याला कळला, त्याची निम्मी तळमळ शमली.

आपल्या देशातही असा एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना अगदी स्वल्प किमतीत टॅबलेट मिळावा, या हेतूने ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे तत्कालीन शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ या टॅबलेटचे उद्घाटन झाले. हेतू थोर होता. पण यंत्र फार मंद चाले आणि त्याच्या पडद्यावर बोट दाबावे लागे. पुढे ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश’ची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा वेग पहिलीहून पुष्कळ अधिक होता आणि पडद्याला हलका स्पर्शही पुरत असे. नव्या प्रकारची वस्तू प्रथमच बाजारात येते, तेव्हा तिच्यात पुष्कळ उणिवा असतात आणि पुढच्या एक-दोन आवृत्त्यांत त्यातील बऱ्याचशा भरून निघतात. म्हणून पहिल्याच खेपेला धावण्याची घाई करू नये. मात्र वस्तूचा प्रकार एकदा रुळला, की दर वर्षीच्या सुधारणा लहान होत जातात आणि थांबण्याचा लाभही तसाच घटतो.

सगळेच थांबले, तर काय होते, याचीही एक कथा प्रसिद्ध आहे. ॲडम ऑस्बोर्न या गृहस्थाचे बालपण दक्षिण भारतात गेले होते. त्याच्या कंपनीने १९८१ साली अमेरिकेत एक संगणक काढला. तो पेटीसारखा बंद करून हातातून नेता येई. मात्र त्याचे वजन सुमारे ११ किलो होते! तो खूप खपला. पुढे १९८३ साली, अधिक चांगला नवा संगणक येत असल्याची वार्ता तो दुकानांत पोचण्याआधीच पसरली. ग्राहक म्हणाले, “मग जुना कशाला घ्यावा?” जुन्याची मागणी घटली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. प्रतिस्पर्ध्यांची चढाओढ इत्यादी इतर कारणेही त्यामागे होती. तथापि येऊ घातलेल्या वस्तूच्या आशेने हातची वस्तू न घेण्याच्या या वृत्तीला व्यापारी जगात ऑस्बोर्नचेच नाव मिळाले.

थांबण्याचीही किंमत द्यावी लागते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर व टॅबलेटवर भरू लागले. त्या वेळी ज्या घरात असे एकही साधन नव्हते, तेथील मुलांचे पाठ बुडाले. पुढे जगभर चिपचा तुटवडा पडला व अनेक वस्तूंसाठी ग्राहकांना वाट पाहावी लागली. ‘थांबले की स्वस्त मिळते’ हा नियम म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. शिवाय वाट पाहण्यात गेलेले दिवस कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

मग करावे काय? एका तालुक्याच्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. वडील शिवणकाम करतात. मोठी मुलगी दहावीत आहे, धाकटा मुलगा सहावीत. जुलै महिना चालू आहे. घरात १२,००० रुपये साठले आहेत. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड उघडून पाठ पाहण्यासाठी मुलीला टॅबलेट हवा आहे. आजवर ती आईच्या मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर आकृत्या पाहून डोळे शिणवीत आली आहे. धाकट्यालाही टॅबलेट हवाच आहे. त्याचा ओढा खेळांकडे आहे, हे सांगावयास नकोच. इकडे वडिलांना कापडाच्या कडा शिवण्याचे ओव्हरलॉक यंत्र घ्यावयाचे आहे. पैसे तेवढेच, गरजा दोन.

मुलगी म्हणाली, “बाबा, माझे हे वर्ष पुन्हा येणार नाही. यंत्र पुढच्या वर्षी घ्या ना!”

धाकटा म्हणाला, “दिवाळीत नवा टॅब येणार आहे म्हणे. तोच घेऊ!”

वडिलांना काय बोलावे, ते सुचेना. तेव्हा आजी म्हणाली, “अरे, पेरणी केव्हा करतात? पहिला पाऊस पडला, की लगेच चिखलात कोणी तिफण घालत नाही. आणि पावसाळा सरेपर्यंत कोणी वाटही पाहत नाही. जमिनीला वाफसा आला, की पेरायचे. कोणत्या वस्तूचा वाफसा केव्हा, ते आधी ठरवा, म्हणजे भांडण मिटेल.”

मग सर्वांनी मिळून हिशेब मांडला. शिवणकामाची गर्दी दिवाळीपूर्वी असते. यंत्र श्रावणात आले, तर दिवाळीचे काम दुप्पट होईल आणि त्याचे पैसे त्याच हंगामात उभे राहतील. तेच दिवाळीनंतर आले, तर वर्षभर नुसते पडून राहील. मुलीची परीक्षा मार्चमध्ये. टॅबलेट दिवाळीच्या पाडव्याला आला, तरी उजळणीचे महिने हाती राहतात. तोवर दररोज रात्री आठ ते दहा आईचा मोबाइल मुलीचाच, त्या वेळी त्याला इतर कोणी हात लावावयाचा नाही, असे ठरले. मुलीने तोटा सोसला, हे खरे. चार महिने तिला लहान पडद्यावरच भागवावे लागणार होते. पण किती सोसावयाचे आणि केव्हापर्यंत, हे तिला ठाऊक होते. यंत्राच्या मिळकतीतील ठरावीक रक्कम दर आठवड्याला एका डब्यात टाकण्याचे वचन वडिलांनी दिले, आणि दिवाळीत नवा टॅबलेट येवो अथवा न येवो, खरेदी पाडव्यालाच व्हावयाची, असे आजीने सर्वांकडून कबूल करून घेतले.

या कुटुंबाचे थांबणे निराळे होते. त्याला तारीख होती. तारीख ठरवून थांबणे हा निर्णय होय; तारखेवाचून थांबणे ही चालढकल होय. जो ‘आणखी नवा येऊ दे’ म्हणत राहतो, त्याच्यापुढे नेहमीच आणखी नवा येत राहतो, आणि त्याचे हात रितेच राहतात.

त्याच गल्लीतील दुसऱ्या एका घरात मात्र जुलैमध्येच टॅबलेट आला. त्या घरच्या मुलाची प्रवेशपरीक्षा सप्टेंबरात होती. त्यांनी थांबावयास हवे होते काय? छे! त्यांच्या गरजेला तेव्हाच वाफसा आला होता. प्रश्न एकच असला, तरी दोन घरांची बरोबर उत्तरे दोन असू शकतात.

घेण्याचा दिवस ठरला, की मग कोणती वस्तू घ्यावी, याचाही हिशेब करावा. समजा, एक टॅबलेट १०,००० रुपयांना मिळतो व दोन वर्षे नीट चालतो. दुसरा १५,००० रुपयांना मिळतो व पाच वर्षे चालतो. पहिल्याचा खर्च महिन्याला सुमारे ४१७ रुपये पडतो, दुसऱ्याचा २५० रुपये. किमतीने महाग असलेली वस्तू वापराने स्वस्त ठरते, ती अशी. परंतु त्यासाठी कर्ज काढणे भाग पडत असेल, तर अंथरूण पाहून पाय पसरावे, हेच बरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा वस्तूचे वय आपण ती घेतली त्या दिवसापासून नव्हे, तर ती बाजारात आली त्या दिवसापासून मोजावे. दुसरा आयपॅड मार्च २०१४ पर्यंत विकला जात होता. ज्याने तो २०११ साली घेतला, त्याला पाच वर्षांहून अधिक काळ नवी कार्यप्रणाली वापरता आली. ज्याने २०१४ च्या आरंभी घेतला, त्याला अडीच वर्षांच्या आसपासच. स्वस्त झालेली जुनी वस्तू घेताना तिचे किती आयुष्य उरले आहे, हे दुकानदाराला अवश्य विचारावे. बॅटरी बदलून मिळते काय आणि दुरुस्तीची सोय जवळपास आहे काय, हेही पाहावे. कारण बॅटरीची शक्ती वापराबरोबर हळूहळू क्षीण होतच असते.

सारांश, घाई करणारा वस्तूच्या मोहाला वश होतो, तर नुसता थांबणारा उद्याच्या वस्तूच्या मोहाला. दोघांचाही धनी मोहच. जो आपली गरज, आपला पैसा आणि आपला वेळ यांचा मेळ घालून दिवस ठरवतो आणि ठरल्या दिवशी मागे-पुढे न पाहता व्यवहार पुरा करतो, त्याला पुढे चुटपुट लागत नाही. वस्तू नवी असो की जुनी, तो तिच्याकडून आपले काम करवून घेतो. आणि वस्तू घेण्याचा खरा हेतू तोच नव्हे काय?

स्वाध्याय

१. तांब्याचा हंडा आणि टॅबलेट यांच्या ‘जुने होण्यात’ कोणता फरक आहे?
२. ‘नव्या वस्तूच्या आगमनाने जुन्या वस्तूचा उपयोग कमी होत नाही, कमी होते ते आपले समाधान,’ हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आजीने ‘वाफसा’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला? शिवणयंत्र आधी घेण्याचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? सकारण लिहा.
४. १२,००० रुपयांचा टॅबलेट चार वर्षे चालला, तर महिन्याला किती खर्च पडेल? तो तीनच वर्षे चालला तर?
५. वाक्यांत उपयोग करा : उड्या पडणे, चुटपुट लागणे, अंथरूण पाहून पाय पसरणे, काळ्या दगडावरची रेघ.
६. तुमच्या घरी घ्यावयाच्या एखाद्या वस्तूविषयी वडीलधाऱ्यांशी चर्चा करा आणि ती आत्ता घ्यावी की थांबावे, यावर दहा ओळी लिहा.