उत्तर तुझं असू दे

नावडे, ता. पनवेल

चि. सोनूस,


सौंदर्यस्पर्धेसाठी लिहिलेली तुझी तिन्ही उत्तरं वाचली. दयाळूपणा, समंजसपणा आणि आयुष्याने दिलेला धडा. भाषा नेटकी आहे, चूक काढायला जागा नाही. पण त्यात मला तू सापडली नाहीस. सगळ्यांवर प्रेम करावं, कुणाला कमी लेखू नये, हे खरंच आहे. मात्र ते कुठल्याही गावातली कुठलीही मुलगी लिहील. तू नावड्याची आहेस, तिथूनच सुरुवात कर.

2017 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या तळोजा एमआयडीसीत भटकी कुत्री निळी झालेली दिसली. तू तेव्हा अगदी लहान होतीस. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर बसला होता. येता-जाता ती अनेकांनी पाहिली असतील, हळहळलेही असतील. प्राणिमित्रांनी मात्र फोटो काढले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. ते फोटो जगभर पोचले, कारखाना बंद करण्याचे आदेश निघाले आणि कासाडी नदीत काय सोडलं जातं याची चर्चा सुरू झाली. वाईट कुणालाही वाटतं गं. दयाळू माणूस पुढे जाऊन चौकशी करतो, अर्ज लिहितो, पाठपुरावा करतो. तुझ्या उत्तरात मला हे वाचायला आवडेल.

आता समंजसपणा. आपली मधू सप्रे 1992 साली बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या फेरीत पोचली होती. देशाची सूत्रं हाती आली तर काय करशील, असं तिला विचारलं. ती मैदानावर वाढलेली खेळाडू होती. खेळासाठी मोठं क्रीडांगण बांधीन, असं तिने सांगितलं. गरिबी एका दिवसात हटत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती तिसरी आली आणि त्या उत्तरावरून तिला बरीच बोलणी बसली. मला विचारशील तर ते उत्तर प्रामाणिक होतं. परीक्षकांना गोड लागेल ते बोलणं सोपं असतं. मनातलं बोलून त्यापायी जे गमवावं लागेल त्याची तयारी ठेवणं, याला मी समंजसपणा म्हणते.

मुकुटानंतर काय, याचाही विचार आत्ताच कर. मुंबईत जन्मलेली गोवेकर मुलगी रीता फारिया 1966 मध्ये मिस वर्ल्ड झाली. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई. तेव्हा ती ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. वर्षभर किताबाची कामं केली आणि सिनेमाच्या वाटेला न जाता ती लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकायला गेली, डॉक्टर झाली. आपल्याला काय व्हायचंय हे तिने आधीच ठरवलं होतं, म्हणून एवढी प्रसिद्धीही तिला वाटेवरून हलवू शकली नाही. म्हणूनच अकरावीचा अभ्यास तुला सोडायचा नाहीये.

आणखी एक. ड्रेससाठी बाबांकडे हट्ट धरू नकोस. 1994 च्या मिस इंडियाला सुश्मिता सेनचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरातून आणलेल्या कापडाचा, साध्या शिंप्याने शिवला होता आणि हातमोजे पायमोज्यांचे केले होते, हे तिनेच सांगितलंय. घरातल्या पैशाची जाण असणं हीसुद्धा दयाच आहे, आईबापांबद्दलची.

आता तुला काम सांगते. कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबं आपल्या नावड्यात भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या लहान मुलांना शाळेत मराठीचा पेपर जड जातो. त्यातल्या एकीला रोज अर्धा तास शिकव. ती कुठे अडते, का कंटाळते, घरी तिला अभ्यासाला जागा आहे का, हे बघ. स्पर्धा होईपर्यंत हे कुणाला सांगू नकोस, फोटोही टाकू नकोस. ती मुलगी तुझ्या उत्तराची सामग्री नव्हे. पण महिनाभर शिकवल्यावर दयेबद्दल कुणी विचारलं, तर तुला पाठ केलेलं काही आठवावं लागणार नाही.

तिसरं उत्तर तर पूर्ण खोडून टाक. सोळाव्या वर्षी आयुष्याचं सार हाती लागायलाच हवं, असं कुणी सांगितलं? जे अजून उमगलेलं नाही तेच लिही. कुणावर रागावलीस आणि तो राग बरोबर होता की नाही हे अजून कळत नसेल, तर तेवढंच लिही. खोट्या शहाणपणापेक्षा खरी शंका ऐकणाऱ्याला जास्त भिडते.

तू जिंकावंस असं मला मनापासून वाटतं. मात्र ज्या उत्तरावर जिंकशील ते तुझं असू दे, म्हणजे हरलीस तरी ते तुझ्याजवळ राहील आणि पुढच्या वर्षी त्यात भर घालता येईल. नवीन उत्तरं लिहून झाली की पाठव, मी बारकाईने वाचीन.

तुझी,
आत्या